एका वर्षानं मोठे

आमच्या गंगापूरला स्वतःचा असा पत्ता कधी मिळालाच नाही. नाशिककडच्या माणसाला नाव सांगितलं की तो म्हणतो, 'धरणावरचे का?' भाविक माणूस भेटला तर हात जोडून विचारतो, 'दत्ताचं ना?' ते गाणगापूर, आणि ते कर्नाटकात. आमचं गंगापूर तेव्हाच्या औरंगाबादेपासून चाळीसेक किलोमीटरवर, तालुक्याचं ठिकाण असूनही कोणाच्या चटकन लक्षात न येणारं. १९९३ च्या जून महिन्यात पत्र्याची ट्रंक घेऊन मी लाल डब्यातून औरंगाबादला उतरलो आणि सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटच्या वसतिगृहात पाय ठेवला. दारातच पहिला सीनियर भेटला.

"गाव?"

"गंगापूर, सर."

"दत्ताचं?"

"नाही सर, लासूरजवळचं."

"बरं. जा, दत्त, ट्रंक आत ठेव."

तिथून पुढे दोन वर्षं माझं हेच नाव. कोणीही हाक मारली की दत्त म्हणून उभं राहायचं, हे कामही नावाबरोबर आलं.

ही संस्था राज्य सरकारनं १९७७ मध्ये काढली. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी महाराष्ट्राच्या उंबऱ्याशी, पण तिच्या आत शिरणारी मराठी पोरं मोजकीच, हे सरकारला खटकलं. म्हणून दहावी झालेली पोरं निवडून आणायची, अकरावी-बारावीबरोबर त्यांच्याकडून 'एनडीए'ची तयारी करून घ्यायची, असा बेत. अलीकडे नाशिकला मुलींसाठीही अशी संस्था निघाली. आमच्या वेळी सगळा पुरुषी कारभार होता. म्हणजे दोरीवर ओली बनियनं, खिडकीत अर्धवट पॉलिश केलेले बूट, आणि एकाच आरशासमोर आठ जण, त्यांतल्या सहा जणांना अजून मिशी फुटलेली नाही.

आम्ही अकरावीचे आणि सीनियर बारावीचे. आज हिशेब केला तर ती सतरा वर्षांची पोरं होती. पण तेव्हा सीनियर म्हणजे बाप्या माणूस. त्याला 'सर' म्हणायचं, तो आला की उठायचं. माझा मामा पस्तीस वर्षांचा होता, त्याला मी अरे-तुरे करायचो. सतरा वर्षांच्या पोराला मात्र अहो-जाहो.

फेब्रुवारीत निरोपाचा कार्यक्रम ठरला आणि शेलापागोटे लिहायचं काम माझ्याकडे आलं. विनोदबुद्धी बघून नव्हे, अक्षर बघून. प्रत्येक सीनियरवर एकेक ओळ, कार्डशीटवर, रंगीत शाईत. सगळे त्याला 'फिशपॉन्ड' म्हणत, पण आमचे मराठीचे सर शेलापागोटेच म्हणत आणि तसंच लिहायला लावत.

सर्वांत सोपं काम होतं लिंबाला टांगलेल्या सरांचं. हे आष्टीकडचे, डोक्यानं तल्लख. पण उंचीची अट होती १५७ सेंटीमीटर, आणि यांची गाडी त्याच्या अलीकडेच रुतलेली. पहाटेच्या पीटीनंतर बाकीचे आंघोळीला पळत, हे कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळत. दर रविवारी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहत आणि मला डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीची रेघ मारायला सांगत. चार महिने रेघेवर रेघ. पाचव्या महिन्यात मला ते बघवेना. मी पट्टी बोटभर वर धरली. सरांनी वळून रेघ पाहिली, पुन्हा पाहिली, आणि संध्याकाळी स्वतःच्या पैशानं अर्धा किलो जिलबी आणली. मला दोन वेढे जास्त दिले. ती जिलबी अजून माझ्या घशात आहे. त्यांच्या कार्डावर मी लिहिलं, 'लिंबाला टांगला, तरी नाही लांबला.' पुढे मेडिकलच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत ते खरंच लांबले आणि पास झाले. कदाचित आपण वाढतोय या खुशीनं वाढले असतील. मी त्यांना रेघेचं अजून सांगितलेलं नाही.

परभणीकडच्या सरांचं इंग्रजी हा वेगळा प्रकार. आपापसात इंग्रजीच बोलायचं, मराठी शब्द गेला की चार आणे दंड, असं सीनियरांनी स्वतःच ठरवलं होतं. पहिल्या आठवड्यात वसतिगृहात स्मशानशांतता पसरली. बोलत होते फक्त परभणीकर, कारण ते रेडिओवरच्या क्रिकेट कॉमेंट्रीवर वाढले होते. अडचण एवढीच, की त्यांना इंग्रजी येत होतं ते मैदानापुरतं. मेसमध्ये वांग्याची भाजी संपली की ते पातेल्यात डोकावून जाहीर करत, "अँड दॅट इज द एंड ऑफ द इनिंग्ज." सकाळी संडासच्या रांगेत विचारत, "हू इज ऑन स्ट्राइक?" एकदा गटचर्चेत विषय आला 'धरणं हवीत की नकोत'. दहा मिनिटं गप्प बसून ते एकच वाक्य बोलले, "द आऊटफील्ड विल बी वेट." गंमत म्हणजे चर्चा तिथंच मिटली.

भोपाळला होणाऱ्या मुलाखतीचे पाच दिवस म्हणजे आमच्या सगळ्यांच्या स्वप्नातला बागुलबुवा. त्यात एक परीक्षा अशी, की साठ प्रसंग आणि अर्धा तास; प्रत्येक प्रसंगात तुम्ही काय कराल ते पटकन लिहायचं. सीनियर रात्री त्याचा सराव करत आणि मी कोपऱ्यात बसून ऐके. त्यातला एक प्रसंग ठरलेला: रुळावरून चालताना तुम्हाला फिशप्लेट निखळलेली दिसते, समोरून गाडी येतेय. बाकीचे लाल शर्ट काढून धावत सुटत. माझ्याकडे लाल शर्ट नव्हता, त्यामुळे मला नेहमी वाटे की माझी गाडी घसरणारच. लासूर स्टेशनचे सर, म्हणजे आमच्याच तालुक्यातले, यांनी लिहिलं, 'गँगमनला हाक मारीन. तो आमच्या ओळखीचा आहे.' सगळे हसले. ते हसले नाहीत. "यात हसण्यासारखं काय? लासूरला असंच होतं. तुम्ही कामून पळून राह्यले?" त्यांच्या कार्डावर मी लिहिलं, 'गाडी घसरो वा न घसरो, गँगमन आपला पाहुणा.' फिशप्लेटवर फिशपॉन्ड, ही कोटी मला तेव्हा सुचली नाही. तीस वर्षांनी सुचून काय उपयोग.

सगळ्यांत रुबाबदार सर कोणते, हे कोणीही सांगितलं असतं. चाल, आवाज, इंग्रजी, बूट. त्या बुटात बघून भांग पाडता यायचा. त्यांच्यावर ओळ लिहायला मी घाबरलो आणि 'भावी जनरल' एवढंच लिहिलं. ते भोपाळहून पाचव्या दिवशी बॅग घेऊन परत आले. आता बँकेत आहेत. बुटात अजून तोंड दिसतं.

एका कार्डावर मात्र मी शेवटपर्यंत काही लिहू शकलो नव्हतो. औशाकडचे सर. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि दुपारी ते एसटी धरून गेले. दहा-बारा दिवसांनी परतले. घरची माणसं वाचली होती, घर नव्हतं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जाड माळवद. सगळं एका ढिगात. आल्यावर ते पूर्वीसारखेच बोलत, पूर्वीसारखेच नऊ चपात्या खात. फक्त रात्री गादी उचलून मैदानात नेत. थंडी पडली तरी तिथेच. वॉर्डन काही बोलले नाहीत. एक-दोन वर्गमित्रही गाद्या घेऊन जाऊ लागले आणि डिसेंबरात मैदानावर निम्मं वसतिगृह झोपलेलं असे, कारण विचाराल तर 'हवा चांगली आहे.'

त्यांच्यावर विनोद करायचा तरी कसा? मी कार्ड कोरं ठेवलं. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ते आले. "दत्त, माझं कुठंय?" मी गप्प. "सगळ्यांचं आहे आणि माझं नाही, हे चालणार नाही." मग मी त्यांच्यासमोरच लिहिलं, 'यांच्या घराला आभाळाचं माळवद.' हात कापत होता, त्यामुळे 'ळ' जरा बिघडला. त्यांनी वाचलं. बराच वेळ बघत राहिले.

"अक्षर चांगलंय," ते म्हणाले. "पण हे माळवद पावसाळ्यात गळतं रे."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले.

माझं स्वतःचं पुढे काही झालं नाही. दोनदा भोपाळ पाहिलं, तलाव सुंदर आहे. आता गंगापूरला माझं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कोणी सीनियरनं पहाटे साडेचारला 'गुड मॉर्निंग' टाकलं, की पाच मिनिटांत चाळीस 'येस सर' येतात. त्यात पोट सुटलेले वकील असतात, दोन डॉक्टर असतात.

गेल्या जूनमध्ये आमचा एक ज्युनियर आला. आता कर्नल आहे. देवगडला दर्शनाला निघाला होता, वाटेत थांबला. मी 'बस' म्हणेपर्यंत बसला नाही. मग खताच्या थप्पीवर बसून चहा पीत होता. गिऱ्हाइकं दबकून उभी. तेवढ्यात मोटारसायकल लागली आणि लासूरचे सर आत आले. ते आता शेती करतात. पायाला चिखल, डोक्यावर टॉवेल. मी गल्ल्यावरून उठलो. मी उठलो म्हणून कर्नल उठला, कपातला चहा सांडत.

"बसा रे," सर म्हणाले. "कपाशीची चार पाकिटं दे अन् एक डीएपी. पोरगा कुठंय तुझा गोणी उचलायला?"

पोरगा जेवायला गेला होता. कर्नलनं बाह्या वर केल्या, पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतली आणि मोटारसायकलकडे निघाला. सर मागून ओरडत होते, "लेफ्टला घे. लेफ्ट, लेफ्ट! अरे तुला लेफ्ट कळंना का, सैन्यात काय शिकवतेत तुम्हाला?"

"येस सर," कर्नल गोणीखालून म्हणाला.