मोटारीचे दात

मे 2014 हा महिना जुन्नर-आंबेगावाला जड गेला. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली आणि गावोगावचे घाट ओस पडले. 24 तारखेला तिकडे बंगालात, उत्तरपाड्याच्या कारखान्यात, हिंदुस्तान मोटर्सने काम थांबवलं आणि ॲम्बॅसडर बंद पडली. पहिल्या बातमीवर मोर्चे निघाले. दुसरीवर मंचरच्या एका मिस्त्रीने गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं, एवढंच.

2021 साली दोघांचंही नशीब उघडलं. जुलैत केंद्र सरकारने पन्नाशी उलटलेल्या मोटारींच्या नोंदणीचे वेगळे नियम काढले. 16 डिसेंबरला शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली. अटी दोन्हीकडे आहेत. बैलाला चाबूक लावायचा नाही, टोचायचं नाही. मोटारीने रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती नाहीतर पेट्रोल भरायला तेवढं बाहेर पडायचं. रोज कामावर जायचं नाही. मोटारीचा सौदा जरा बरा झाला म्हणायचा.

तर अशी एक मोटार बेल्ह्याजवळ एका कांदा चाळीत उभी असल्याची खबर कोथरूडच्या एका संगणक अभियंत्याला लागली. एमजीए, 1957 सालची, दोनच माणसांची, टप उघडा, रंग लाल, ‘फुल रिस्टोअर’. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1955 ते 1962 या काळात लाखाच्या वर एमजीए बनल्या आणि त्यातल्या बहुतेक परदेशी गेल्या. त्यातली एक फिरत फिरत जुन्नर तालुक्यात आली होती. अभियंत्याने तपासणीची यादी छापून घेतली, मंचरला ॲम्बॅसडरवाल्या मिस्त्रीला गाडीत घातलं आणि अवसरीला मामांच्या दारात हॉर्न वाजवला. मामांना मोटारीतलं काही कळत नव्हतं. पण चाळीस-पन्नास हजारांचा बैल असो की पाच लाखांचा, पंचक्रोशीत कुणी त्यांना दाखवल्याशिवाय इसार देत नव्हतं.

“किती दाती हाय?” मामांनी बसता बसता विचारलं.

“मामा, मोटार आहे.”

“मोटारीला काय वय नसतं व्हय?”

कळंब गेलं, नारायणगाव आलं. टोमॅटोच्या पिकअपनी रस्त्याची एक बाजू आपली केली होती. पुढे उजवीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसायला लागल्या. एकूण 30 तबकड्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, आकाशातून येणारी अगदी क्षीण कुजबुज ऐकायला बसलेल्या. जुन्या पेट्रोल इंजिनाच्या प्लगची ठिणगी ही या कुजबुजीतली मोठी कटकट, असं अभियंत्याने सांगितलं. “म्हंजी आपण मोटार घेतली की ह्यांना आधी कळणार,” मिस्त्री म्हणाला.

वार सोमवार होता. सोमवारी बेल्ह्याला बैलबाजार असतो आणि सोमवारी बेल्ह्याला येऊन बाजारात न जाणं मामांच्या शास्त्रात बसत नव्हतं. अभियंता घड्याळाकडे बघत होता. मामा एका पांढऱ्याशुभ्र खिल्लार बैलाकडे बघत होते. बैल देखणा होता. शिंगं तासून, तेल लावून चकचकीत केलेली, अंगावर झूल. मामांनी पहिल्यांदा झूल काढायला लावली. मग त्याला चार पावलं चालवलं, मागे जाऊन खूर बघितले, जबडा उघडून दात मोजले आणि शेवटी शिंगाच्या मुळाशी, जिथे तासणीचा हात पोचत नाही तिथे, अंगठा फिरवला. “मालकाने वरनं वय कमी केलंय,” ते परत येऊन म्हणाले, “पण चाल ऱ्हायली.”

अभियंत्याच्या चार पानी यादीत यापेक्षा वेगळं फारसं काही नव्हतं.

चाळीत पोचलो तेव्हा मोटारीच्या मालकाने कांद्याच्या गोण्या बाजूला सारून मोटार उजेडात काढून ठेवली होती. खरंच सुंदर होती. अभियंता तिच्याभोवती एक फेरी मारून दाराशी थांबला आणि कडी शोधायला लागला. कडी नव्हतीच. मालकाने त्याच्याकडे दयेने बघितलं. उघड्या एमजीएला बाहेरून कडी नसते. वरून हात आत घालायचा, आतली दोरी ओढायची. गाडीबद्दल सगळं वाचून आलेल्या माणसाचं दार विकणाऱ्याने उघडून दिलं की भाव तिथेच थोडा चढतो.

मिस्त्रीने खिशातून लोहचुंबक काढलं. पत्र्यावर पुट्टी किती थापलीय हे बघायची ही जुनी रीत: पत्र्याला चुंबक चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही. मडगार्डाला लावलं, चिकटलं. दाराला लावलं, पडलं. बॉनेटला लावलं, पडलं. डिकीवरूनही घसरलं. “सगळी पुट्टी!” मिस्त्री ओरडला. चाळीतली चार माणसं पुढे सरकली. आता अभियंत्याची पाळी होती. एमजीएची दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण वरून ॲल्युमिनियमचंच असतं; तिथे चुंबक चिकटलं असतं तर काळजी. मिस्त्रीने चुंबक परत खिशात टाकलं, पण दाराच्या खालच्या पट्टीवर बोटाच्या पेराने टकटक करत तो दुसऱ्या टोकापर्यंत गेला. एका ठिकाणी आवाज बदलला. या गाड्या तिथेच कुजतात, दाराखाली, जिथे चिखल साठतो. वर रंगाचे कितीही हात असोत, दार लावल्यावर कडेची फट वर बारीक आणि खाली रुंद दिसली की आतला सांगाडा कुठेतरी खचलाय असं समजायचं. इथे वर नख जात होतं, खाली अख्खं बोट.

मामा तोवर आत वाकले होते. त्यांनी पायाखालचा गालिचा उचलला.

“अरे, खाली फळ्या हायेत!”

“ओरिजिनल आहेत, मामा. कंपनीनेच प्लायवूड घातलंय.”

“मंग आपल्या गाड्याला काय वाईट होतं?” मामा म्हणाले, आणि गालिचा तसाच धरून फळीच्या कडेला अंगठा घासला. लाल रंगाखाली निळा निघाला. शिंगाच्या मुळाशी वय सापडतं तसं. रंग बदलणं हा गुन्हा नाही, पण ‘कंपनीचा रंग’ असं मालक तीनदा म्हणाला होता. त्यानंतर मामांनी बॉनेटवर तळहात ठेवला, लेकराचा ताप बघतात तितक्या हलक्या हाताने. बॉनेट गरम होतं.

इंजिन थंड आहे का, हा प्रश्न यादीत पहिलाच होता आणि नेमका तोच अभियंता विसरला होता. जुनं इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचं असतं. रात्रभर उभ्या गाडीचा पहिला धूर खरं बोलतो: निळसर असेल तर ऑइल जळतंय, पांढरा निघतच राहिला तर पाणी आत शिरतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पाहुणे यायच्या आधी अर्धा तास इंजिन चालवून ठेवलं की हे सगळं झाकलं जातं.

बॉनेट उघडल्यावर मात्र मिस्त्रीचा चेहरा बदलला. गल्लीत लहानपणीचा मित्र भेटावा तसा तो आत बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “ही तर आपलीच हाय.”

आपलीच होती. एमजीएच्या पहिल्या गाड्यांना ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 1489 सीसीचं बी-सीरिज इंजिन होतं. ॲम्बॅसडरलाही पुढे कित्येक वर्षं तेच कुळ आणि तेवढेच सीसी. फरक पोशाखाचा: एमजीला दोन कार्बोरेटर आणि सुमारे 70 अश्वशक्ती, ॲम्बॅसडरला एक कार्बोरेटर आणि टॅक्सीचं बिऱ्हाड. त्यामुळे आपल्याकडे एमजीचं इंजिन दमलं की भंगारातल्या ॲम्बॅसडरचं उचलून बसवायचं, वर दोन कार्बोरेटर चढवायचे, हा उपाय सोपा पडतो. बाहेरून कळत नाही. कळतं ते ब्लॉकवरच्या पट्टीवर. एमजीएच्या या इंजिनाचा नंबर ‘बीपी15जी’ अशा अक्षरांनी सुरू होतो. इथे पट्टीच नव्हती. तिच्या रिबिटांची दोन भोकं तेवढी होती.

तरी फेरी झालीच. गाडी दोघांची; मालकाला सोबत येणं भाग आणि चालवणार मिस्त्री, त्यामुळे विकत घेणारा आपल्याच मोटारीतून मागे. किल्ली फिरवल्यावर मागचा पेट्रोलपंप टकटक करायला लागला, खटका ओढल्यावर इंजिन धडधडलं आणि आळेफाट्याच्या रस्त्यावर पोरांनी हात वर केले. पहिल्या गतिरोधकावर पोट घासल्याचा आवाज मागच्या मोटारीत काचा बंद असूनही ऐकू आला. पंपावर थांबून मिस्त्रीने पेट्रोलची नळी चाचपली. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगतं आणि चिरतं. या गाडीची नळी नवी होती, हा मालकाच्या बाजूने पडलेला एकमेव गुण. उसाच्या फडातून विघ्नहर कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह समोरून गेला. “तुझं खाणं चाललंय बघ,” मिस्त्री मोटारीला म्हणाला. परतताना ब्रेक दाबल्यावर ती डावीकडे ओढायची आणि तापलेल्या इंजिनावर ऑइलचा काटा पन्नासजवळ हवा तो तिशीत लोळत होता.

चाळीत परत आल्यावर मालकाने आकडा सांगितला. मामांनी बोलणं थांबवून खांद्यावरचा टॉवेल मालकाच्या हातावर टाकला आणि खाली हात घातला. बेल्ह्याच्या बाजारात असेच भाव ठरतात. बोटांना कळतं, बघणाऱ्यांना नाही. मालक एकदा हसला, एकदा कण्हला. अभियंता स्वतःच्या पैशांचं काय चाललंय ते टॉवेलच्या हालचालीवरून ओळखायचा प्रयत्न करत होता.

अडलं ते नियमावर. नव्या ‘व्हीए’ नंबरसाठी वीस हजार फी भरायची ते ठीक. पण चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. मग या इंजिनाचं काय? मालकाने थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरली. खरं इंजिन आहे, म्हणाला, ओतूरला एका नातेवाइकाकडे. त्याच्या ॲम्बॅसडरमध्ये बसवलेलं. उत्तम चालतं. रोज चालतं.

तासाभराने चौघं ओतूरला त्या ॲम्बॅसडरच्या बॉनेटवर वाकले होते. पट्टी जागेवर होती, अक्षरंही बरोबर होती. नातेवाईक चहा घेऊन बाहेर आला, एवढी माणसं बघून थबकला आणि म्हणाला, इंजिन द्यायचं नाय, पण द्यायचंच म्हटलं तर अख्खी गाडी घ्यावी लागंल.

मामांनी टॉवेल झटकला.