अधिसभेची उमेदवारी: लोणी काळभोरच्या पदवीधरांस काही सूचना

ज्या गृहस्थास ग्रामपंचायतीत भावकीने आणि सोसायटीत सोयऱ्याधायऱ्यांनी पाडले आहे, अशा लोणी काळभोरच्या पदवीधराने सार्वजनिक जीवनाविषयी इतक्यात विरक्त होण्याचे कारण नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची अधिसभा त्याच्यासाठी अद्याप शिल्लक आहे. मात्र प्रारंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. राज कपूर यांच्या एके काळच्या राजबागेत, म्हणजे गावच्याच शिवारात, एक प्रशस्त विद्यापीठ उभे आहे हे खरे. परंतु ते खासगी असल्यामुळे तेथील नियामक मंडळ मतपेटीतून प्रकट होत नाही, आणि म्हणून इच्छुकाने दारच्या विद्यापीठास दुरून नमस्कार करून, सोलापूर रस्त्याने हडपसरची कोंडी ओलांडीत, गणेशखिंडीचाच मार्ग धरणे प्राप्त आहे.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने नोंदणीकृत पदवीधरांस अधिसभेत १० जागा दिल्या असून त्यांपैकी ५ खुल्या व ५ राखीव आहेत. उमेदवारास पदवी पुरते. विद्वत्ता असल्यास ती अर्जास जोडू नये, कारण तिच्यासाठी रकाना ठेवलेला नाही.

मतदार येथे आयता मिळत नाही, तो घडवावा लागतो. पदवी घेतलेला प्रत्येक इसम आपोआप मतदार होत नसून त्याने रीतसर नोंदणी करावयाची असते. आणि ज्याने पदवीप्रमाणपत्र चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगले आहे, त्याच्याकडून त्याची छायाप्रत मिळविणे म्हणजे देव्हाऱ्यातला टाक उसना मागण्यासारखेच नाजूक काम होय. अर्ज आपण भरावा, छायाप्रत आपण काढावी, शुल्काचा विषय त्यांच्या तोंडून निघण्यापूर्वी आपणच तो मिटवावा, आणि एवढे करूनही मत त्यांचे स्वतंत्र आहे असे वारंवार म्हणत राहावे.

आता मुख्य विद्येकडे वळू. ही निवडणूक पसंतीक्रमाची असते. मतदाराने नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहावयाचे; शिक्का नाही की बरोबरची खूण नाही, आणि अशी खूण करून आपले मत बाद करून घेण्यात मोठमोठ्या पदव्या धारण करणारेही मागे राहत नाहीत. वैध मतांना जागांच्या संख्येत एक मिळवून आलेल्या आकड्याने भागावे व उत्तरात पुन्हा एक मिळवावा, म्हणजे विजयाचा कोटा निघतो: ५ जागांसाठी ६,००० मते वैध ठरल्यास ६ ने भागून १,००० आणि वर १, म्हणजे १,००१. ज्या गावात निम्मे मतदार आडनावबंधू आणि उरलेले त्यांचे व्याही, तेथे ही पद्धत फारच सोयीची. कारण पहिली पसंती कोणास द्यावयाची हा घराघरांतील कलहाचा विषय असला, तरी ‘अण्णा, तुमची पहिली ठरली असेल, मला दुसरी तरी द्या’ या विनवणीस नकार देण्याइतका कठोर माणूस थेऊर फाट्यापासून उरुळी कांचनपर्यंत आढळणार नाही. उमेदवार अशा रीतीने प्रत्येक उंबऱ्यावरून आश्वासन घेऊन तृप्त मनाने घरी परततो. दुर्दैव एवढेच, की दुसरी पसंती मोजली जाते ती पहिलीचा धनी कोट्यापलीकडे गेल्यावर अथवा बाद झाल्यावर; आणि सर्वांत आधी बाद होतो तो पहिल्या पसंतीची मते सर्वांत कमी असलेला. सबब, संपूर्ण पंचक्रोशीची दुसरी पसंती लाभलेला लोकप्रिय पुरुष पहिल्याच फेऱ्यांत घरी जातो. याकरिता निदान स्वतःच्या कुटुंबात तरी पहिल्या पसंतीची खातरजमा करून घ्यावी. जावयांवर विसंबू नये.

जाहीरनामा संक्षिप्त असावा. मतदारसंघ पुणे, नाशिक व अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला असल्याने इगतपुरीस रुचेल व इंदापुरास खुपणार नाही असे वाक्य ‘विद्यार्थी हित’ या दोन शब्दांपलीकडे सहसा जात नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी मुंबई विद्यापीठात देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली, हा दाखला भाषणात अवश्य द्यावा, परंतु आपणही तसे काही करू असे ध्वनित होऊ देऊ नये. लोक पुढे विचारतात.

मतमोजणीस जाताना डबा व पांघरूण न्यावे. फेऱ्या रात्रभर चालतात, आणि मध्यरात्रीनंतर तिसऱ्या पसंतीची मते वर्ग होऊ लागली की हिशेब समजत असल्याची मुद्रा धारण करणे हेच प्रतिनिधींचे प्रधान कर्तव्य उरते.

निवड झालीच, तर अधिकारांविषयी अवाजवी अपेक्षा धरू नयेत. अंदाजपत्रक, वार्षिक लेखे व अहवाल यांवर अधिसभेत बोलता येते. कारभाराच्या किल्ल्या मात्र व्यवस्थापन परिषदेकडे, आणि अभ्यासक्रमाच्या विद्या परिषदेकडे. प्रश्न विचारावा, लेखी उत्तर घ्यावे, ते दप्तरी ठेवावे. खरे कामकाज लोणीतच, स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर, सकाळी भरते. तेथे कोणी अंदाजपत्रकाविषयी विचारणार नाही. अडकलेला निकाल, नावात चुकलेला काना, पुनर्मूल्यांकनाचा न आलेला कागद, असे विषय निघतील. खिशात वही असावी, आणि विद्यार्थ्याचा बैठक क्रमांक तेवढा न चुकता उतरून घ्यावा.