भिंत उघडलेला गृहस्थ

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास जुनं घर घेतलेल्या मराठी मंडळींत एक नमुना हमखास सापडतो: भिंत उघडून बसलेला गृहस्थ. पुण्यात असताना याने स्वतःचा चहाचा कप कधी मोरीपर्यंत नेलेला नसतो. इथे मात्र गुडघ्यांना पॅड, डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर एन-९५ अशा थाटात तो दारात उभा राहतो आणि 'या, या' म्हणायच्या आधी बजावतो, "बूट काढू नका." मराठी घरात हे वाक्य ऐकू आलं की समजावं, काम निघालंय.

मग दर्शन. जुना ड्रायवॉल पाडलेला, आत सोळा-सोळा इंचांवर उभे लाकडी स्टड. "हल्लीचा टू-बाय-फोर मोजलात तर दीड बाय साडेतीनच भरतो. हे लाकूड बघा!" आपण बघतो. हात मात्र लावायचा नाही, कारण त्या खोलीची धूळ काढून 'झालेली' असते.

घर १९७८ च्या आधीचं, म्हणजे रंगात शिसं असू शकतं, या धास्तीने त्याने आधी तपासणी करून घेतलेली असते. शिसं निघत नाही. पण हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम तेवढ्यात घरी आलेला असतो. आता धूळ काढायची ती शास्त्रोक्तच: छताकडून खाली, आधी मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने, मग ओल्या फडक्याने. तळाच्या आडव्या लाकडावर साठलेला थर तो चिमटीत धरून दाखवतो: प्लास्टरची पांढरी भुकटी, लाकडाचा भुसा, उंदराच्या चार लेंड्या. कुणी पाहुण्याने सहज फुंकर मारली, तर गृहस्थ असा ओरडतो की पाहुण्याचा श्वास अडकतो. वहिनींनी ओक ट्री रोडवरून आणलेली फुलझाडू गॅरेजमध्ये हद्दपार झालेली असते. कोरडं झाडलं की धूळ हवेत उडते, हे तो त्यांना रोज सांगतो. त्या रोज स्वयंपाकघरातले डबे पुसतात. त्यांच्या हातच्या चहावर आलेली साय दुधाचीच असेल, याची खात्री आपण करून घेत नाही.

बाथरूमच्या भिंतीत त्याला खजिनाच मिळालेला असतो. पूर्वी इथल्या औषधाच्या कपाटाला मागे एक फट असे. दाढीची वापरलेली पाती त्यातून थेट भिंतीत टाकायची, खाली काय होतं ते घराने बघावं. ती गंजलेली पाती त्याने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवलीत. मंडळाच्या गणपतीला आलेल्या प्रत्येकाला डबा उघडून दाखवणं चालू असतं.

भिंत बंद करण्याआधी तारा आणि चौकट तपासायला नगरपालिकेचा माणूस येतो. त्या दिवसासाठी गृहस्थाने प्रत्येक खिळ्याचं टोकसुद्धा पुसलेलं असतं. तो माणूस येतो, तारांवर टॉर्च मारतो, दोन पेट्या उघडून बघतो, मंजुरीचं स्टिकर चिकटवतो आणि निघतो. धुळीबद्दल चकार शब्द नाही. गृहस्थ त्याच्या गाडीपर्यंत जातो, "फ्रेमिंग कसं वाटलं?" विचारायला.

"छान," तो म्हणतो. "आता ड्रायवॉल लावलात की सांधे घासायचे ना? खरी धूळ तेव्हा."

दारातून वहिनी हे ऐकतात आणि माहेरी जायची तिकिटं बघायला आत जातात.