स्कीइंगचा पंचनामा

संग्रामपूर तालुक्यात बर्फ दोनच ठिकाणी सापडतो: रसवंतीवाल्याच्या खोक्यात आणि गारपिटीच्या पंचनाम्यात. तरी भाच्याने औलीहून स्कीइंगचा व्हिडिओ पाठवला, तेव्हा चहाच्या टपरीवर परीक्षकांची वाण पडली नाही. पोरगा ऐटीत निघतो, हात हवेत फिरवतो, मागे झुकतो आणि बसतो. थेट बर्फावर.

"मांगं काहून झुकून राह्यला हा? पाय तं पुढं पयतीनच!" हरभऱ्याला पाणी देऊन आलेल्या एका काकांनी निदान केलं. रात्री-बेरात्री काळ्या मातीचा ओला बांध उतरणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आणि गंमत म्हणजे निदान बिनचूक होतं. उतार पाहून घाबरलेला माणूस मागे रेलतो. भार टाचांवर जातो, स्कीची पुढची टोकं हलकी पडतात आणि मग ती कुणाचं ऐकत नाहीत. नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली हवी, गुडघे वाकलेले, हात पुढे, नजर पायांवर नाही तर पुढच्या वळणावर. वळताना भार बाहेरच्या पायावर. म्हणजे ज्या दरीची भीती वाटते, तिच्याकडेच झुकायचं! आल्प्सच्या उभ्या उतारांवरून वळत कसं उतरावं, यावर ऑस्ट्रियाच्या माथियास झडार्स्कीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुस्तक लिहिलं. आमच्या काकांनी एका कटिंगमध्ये आटोपलं.

"पण ब्रेक कुठी हाय याचा?" हा प्रश्न अर्थातच ट्रॅक्टरवाल्याचा. मी बाकावर माझ्या चपला मांडल्या: अंगठे जवळ, टाचा लांब. शिकाऊ माणूस असाच थांबतो. टपरीवाल्याने आधी चपला उचलायला लावल्या, मग मान डोलावली.

वजन पडावं म्हणून मी गुलमर्गच्या स्कीपटू आरिफ खानचं नाव काढलं. 2022च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून तो एकटाच गेला होता आणि जायंट स्लालम शर्यतीत 45वा आला.

"शंभराच्या अंदर हाय ना? मंग बस झालं!"

टपरीचा निकाल भाच्याला फोनवर कळवला. तो म्हणाला, "मामा, इथले सरही हेच सांगतात. फक्त ते पैसे घेतात."

तेव्हा औलीला जाणार असाल, तर नडगी पुढे टेकवून ठेवा. आणि व्हिडिओ संग्रामपुरात तपासून घ्यायचा असेल, तर खुशाल पाठवा. चहाचे पैसे मात्र तुमच्याकडे.