गुरुजी कसे व्हावे : एक पाठ टाचण

विषय : नोकरी (जुनं नाव : अध्यापन)
घटक : शिक्षक होणे
इयत्ता : बारावी ते निवृत्ती
कालावधी : ३५ मिनिटं (सरकारी घड्याळात १८ वर्षं)
शैक्षणिक साहित्य : खडू, फळा, डस्टर, प्लास्टिकची फाइल, झेरॉक्सपुरते सुट्टे पैसे

ज्यांच्या घरात गुरुजी नाहीत त्यांच्यासाठी खुलासा. उद्या वर्गात काय शिकवणार ते आज रात्री वहीत लिहून काढायचं, त्याला पाठ टाचण म्हणतात. तपासणीला आलेले साहेब ही वही बघतात, लाल शाईनं सही करतात आणि चहा घेऊन पुढच्या शाळेला निघतात. वर्गात त्यांना जावं लागत नाही. शिक्षक कसा तयार होतो हे एवढ्यावरून ज्याला कळलं, त्यानं पुढचा पाठ वाचला नाही तरी चालेल. बाकीच्यांनी बाकावर ताठ बसावं.

हा पाठ हर्बार्टच्या पंचपदीनुसार घेतला आहे. या जर्मन पंडिताच्या मूळ पायऱ्या चारच. पाचवी त्याच्या शिष्यांनी काढली. शिक्षक होणाऱ्याच्या वाटेत आणखी एक पायरी बसवायची खोड तेव्हापासूनची असावी.

पदी पहिली : पूर्वतयारी

आमचे अण्णा सातवी फायनल पास होऊन मास्तर झाले. त्यांची निवड परीक्षा ते अजून रंगवून सांगतात. शाळा तपासणारे दिपोटी आले, म्हणाले, फळ्यावर एक ओळ लिही. अण्णांनी लिहिली. ओळ सरळ आली. दिपोटी म्हणाले, उद्यापासून दुसरीचा वर्ग घे. पुढे दोन वर्षांनी बोर्डानं त्यांना पगारी ट्रेनिंगला पाठवलं, तिथून ते पी.टी.सी. होऊन आले. म्हणजे आधी पोरं, मग पगार, मग प्रमाणपत्र.

हे ऐकून डोळे ओले करायची गरज नाही. ट्रेनिंगला जाण्याआधीची दोन वर्षं अण्णांचं सगळं बालमानसशास्त्र निरगुडीच्या फोकेत होतं, आणि त्या वर्षांतले विद्यार्थी आजही अण्णांना नमस्कार करताना हात मागे घेतात. प्रशिक्षण हवंच. सावित्रीबाईंनीसुद्धा ते रीतसर घेतलं होतं. आमची तक्रार प्रशिक्षणाबद्दल नाही, त्याच्यापुढे लावलेल्या रांगेबद्दल आहे.

पदी दुसरी : विषय निवेदन

तर मुलांनो, आज आपण माझ्या भाचीचा अभ्यास करणार आहोत. (याला हेतुकथन म्हणतात. हे वाक्य विसरलं की पाठाचे गुण जातात.)

भाची २००९ साली बारावी झाली आणि डी.एड.ला गेली. तेव्हा तालुक्याला बसस्टँड नसेल, पण डी.एड. कॉलेज होतं. लग्नाच्या जाहिरातीतही ‘डी.एड. मुलगी पाहिजे’ असं छापून यायचं. तिथं तिनं सूक्ष्म अध्यापन केलं. सूक्ष्म अध्यापन म्हणजे सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, आणि समोर तिसरीची मुलं म्हणून बसलेल्या आपल्याच मैत्रिणी. त्यातली एक साखरपुडा झालेली तिसरीतली मुलगी होती. प्रश्न विचारला की तिनं हात वर करायचा, आणि भाचीनं ‘शाब्बास!’ म्हणायचं. याचं नाव सबलीकरण.

मग सराव पाठ. चौथीचा वर्ग, घटक पाण्याच्या अवस्था. भाची घरून थर्मासात बर्फ घेऊन गेली. वर्गात शिरून प्रस्तावनेचा पहिला प्रश्न विचारणार, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, आधी बर्फ दाखवा, मग विचारा. कालच्या बाईंचा विरघळला होता.” त्या आठवड्यात हा पाठ त्या वर्गात तिसऱ्यांदा होत होता. मुलांना उत्तरं पाठ होतीच, पण प्रश्नांचा क्रमही पाठ होता. ती “तर मुलांनो, आज आपण” एवढं म्हणाली आणि उरलेलं हेतुकथन वर्गानं सुरात पूर्ण केलं. निरीक्षकांनी शेरा लिहिला : ‘विद्यार्थी सहभाग उत्तम.’ आमच्या मते प्रमाणपत्राला पहिला पात्र तोच मागच्या बाकावरचा मुलगा.

२०११ साली पदविका हातात आली. २ मे २०१२ ला शासनानं शिक्षक भरती बंद केली. आधी अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांची सोय लावायची, मग नव्यांचं बघू. भाची नव्यांत होती. नंतर त्या पदविकेचं डी.टी.एड. झालं, मग डी.एल.एड. झालं. मुलाला नोकरी लागत नसली की ज्योतिषी नाव बदलायला सांगतात, त्यातलाच हा उपाय. गुण काही आला नाही.

तोवर शिक्षक पात्रता परीक्षा आली. शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर पहिली ते आठवीच्या शिक्षकांना ती बंधनकारक झाली आणि महाराष्ट्रात पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ ला झाली. १५० प्रश्न, १५० मिनिटं, खुल्या गटाला ९० गुण. भाचीला ८९ पडले. पुढच्या वर्षी ती पास झाली. प्रमाणपत्रावर मुदत होती सात वर्षं. दुधाच्या पिशवीवर तारीख असते हे माहीत होतं, पण माणसाची पात्रताही नासते हे आम्हाला तेव्हा कळलं. मुदत संपत आली आणि जून २०२१ मध्ये केंद्रानं जाहीर केलं की प्रमाणपत्र आता आजन्म. घरी पेढे वाटले. अण्णांनी विचारलं, “नोकरी लागली?” भाची म्हणाली, “नाही आजोबा, पण आता मी मरेपर्यंत पात्र आहे.”

मधल्या काळात तिनं बी.एड. केलं. पूर्वी एका वर्षात व्हायचं, २०१५ पासून दोन लागतात. शिवाय डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आली. २०० प्रश्न, दोन तास. तिला ‘टेट’ म्हणतात. टीईटी वेगळी, टेट वेगळी. टीईटीनं कळतं की तुम्ही शिक्षक व्हायला पात्र आहात, आणि टेटनं कळतं की पात्र असलात तरी तुमच्यापुढे किती जण आहेत. टेटमध्ये पास-नापास नसतं. रेशनच्या रांगेत कुणी नापास होतं का? नंबर येण्याआधी साखर संपते, इतकंच.

गुण घेऊन जायचं ‘पवित्र’ नावाच्या पोर्टलवर. तिथं नोंदणी, मग पसंतीक्रम, मग यादी, मग यादीवर हरकती, मग कोर्ट. पहिल्या यादीत भाचीचं नाव नव्हतं. दुसऱ्या टेटसाठी २०२३ उजाडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही, प्राथमिकची पदविकाच लागेल. बी.एड.वाल्या मैत्रिणी रडल्या. भाचीनं माळ्यावरून २०११ ची गुणपत्रिका काढली, झटकली आणि २०२४ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाली.

शिक्षिका म्हणून नव्हे हं. शिक्षण सेवक म्हणून. तीन वर्षं सेवा, महिना १६,००० मानधन, मग नियमित. ही योजना २००० सालची. तेव्हा प्राथमिकला ३,००० मिळायचे. बी.डी.ओ.ला कुणी तीन वर्षं विकास सेवक ठेवल्याचं ऐकलं नाही. सेवाभाव शिक्षकात असतो आणि तोही पहिली तीनच वर्षं, अशी शासनाची समजूत दिसते.

पदी तिसरी : तुलना

हा झाला राजरस्ता. आता आडवाटा.

एक वाट संस्थेची. खासगी शाळेत जागा निघते, संस्थाचालक मुलाखत घेतात. भाचीनं अशी एक दिली होती. शिकवण्याबद्दल एकही प्रश्न नव्हता. “इमारत निधीचं काय?” एवढाच. शाळा पत्र्याची होती आणि इमारत निधी भाचीच्या जन्माआधीपासून जमत होता. पैसे नसतील तर विनाअनुदानित तुकडीवर फुकट शिकवायचं आणि अनुदानाची वाट पाहायची. पूर्वी अशा शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणत. २००९ मध्ये शासनानं त्यातला ‘कायम’ शब्द काढला. पुढं २० टक्के अनुदानाचा पहिला घास मिळायला २०१६ उजाडलं. एक शब्द खोडायला शाई किती लागते आणि भाकरी मिळायला वर्षं किती, हे गणित चौथीला घालायला हरकत नाही.

दुसरी वाट थेट गुणपत्रिकेकडे जाणारी. टीईटीच्या गैरव्यवहारात डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक केली. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेनं २०१९ च्या परीक्षेतल्या साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द केली. एकदा ८९ वर अडकलेली भाची ती बातमी वाचून म्हणाली, “मामा, मी उगाच अभ्यास केला. एका गुणाचे किती पडत होते हे आधी विचारायला हवं होतं.”

तिसरी वाट निवृत्तीकडून. भरती होईपर्यंत वर्ग रिकामे राहू नयेत म्हणून जुलै २०२३ मध्ये सेवानिवृत्त गुरुजींना सत्तरीपर्यंत कंत्राटावर बोलवायचं ठरलं. मानधन २०,०००, पेन्शन वेगळी. म्हणजे दारातून आत येणारीला १६,००० आणि दारातून बाहेर पडलेल्याला परत वळायचे २०,०००. अण्णांनी हे ऐकून कोट झटकायला काढला होता. वयाची अट वाचून परत टांगला.

चौथी वाट चकचकीत. मोठ्या कॉलेजातली मुलं दोन वर्षांची फेलोशिप घेऊन, काही आठवड्यांच्या शिबिरानंतर महापालिकेच्या शाळेत शिकवतात. यातली अनेक मुलं जीव ओतून शिकवतात, हे मान्य. पण दोन वर्षांनी त्यांच्या बायोडेटात ‘नेतृत्व’ लिहिलं जातं. भाचीच्या सेवापुस्तकात तोच काळ ‘परिविक्षाधीन’ म्हणून लागतो.

आणि पाचवी वाट सर्वांत सोपी : क्लास काढा. पत्रे ठोका, फ्लेक्स लावा, नावापुढे ‘सर’ लिहा. प्रमाणपत्र कुणी विचारत नाही. आमच्या गावात टीईटीची तयारी करून घेणारे सर स्वतः तीनदा टीईटीत अडकले आहेत. ते म्हणतात, “अनुभव आहे.” निकाल मात्र चांगला लावतात.

पदी चौथी : सामान्यीकरण

उदाहरणांवरून विद्यार्थ्यांनी नियम स्वतः शोधावा, अशी अपेक्षा असते. आमच्या वर्गानं शोधलेला नियम असा : शिक्षक व्हायला काय येतं याला महत्त्व नाही, काय जोडलं आहे त्याला आहे.

बारावी ते नेमणूक, या पंधरा वर्षांत भाचीचे कागद तपासले गेले, बोटांचे ठसे घेतले गेले, बुद्ध्यंक मोजला गेला. संगणकासमोर बसून तिनं आकृत्यांची मालिका पूर्ण केली. तिच्यासमोर एक खरंखुरं मूल बसवून, वाचता न येणाऱ्या त्या मुलाला ती कशी वाचतं करते, हे बघायला कुणीही आलं नाही. आले होते ते सराव पाठांचे निरीक्षक, बर्फाच्या वेळचे. साहेब वही बघतात.

पदी पाचवी : उपयोजन

भाचीची शाळा पहिली ते चौथी, दोन शिक्षकी. मुख्याध्यापक सर २००१ साली ३,००० रुपयांवर शिक्षण सेवक म्हणून लागले. तेव्हा टीईटी जन्मायची होती. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त आहेत, त्या कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी. सरांची आठ राहिली आहेत.

आता रोज शाळा सुटली की सर चौथीच्या बाकावर बसतात. गुडघे बाकाला लागतात म्हणून तिरके बसतात. भाची फळ्यावर पियाजेच्या अवस्था लिहिते.

“वस्तू नजरेआड झाली तरी ती असते, हे बाळाला उमगू लागतं. याला वस्तूचं स्थायित्व म्हणतात, सर.”

“म्हणजे पवित्रवरच्या जागांसारखं, मॅडम?”

“उलट, सर. त्या नजरेसमोर असतात, पण नसतात.”

खिडकीला चार पोरं लोंबकळत असतात. या शाळेत त्यांना नापास करता येत नाही. नापास होण्याचा हक्क सध्या इथं एकट्या सरांना आहे. पोरं त्यांना हळूच उत्तरं सुचवतात.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा. (सूचना : शासनाला जमलेलं नाही. विद्यार्थ्यांनी घरच्यांची मदत घ्यावी.)

२. जोड्या लावा. ‘अ’ गट : आजन्म, तीन वर्षं, सत्तरीपर्यंत. ‘ब’ गट : सेवा, पात्रता, कंत्राट.

३. कारणे द्या : शिक्षक दिनाला शिक्षक आंदोलनाच्या मैदानात असतात.

४. एका वाक्यात उत्तर लिहा : “बाई, तुम्ही कायमच्या आलात का?”

(चौथा प्रश्न दुसरीतल्या एका मुलीनं भाची रुजू झाली त्या दिवशी विचारला. आधीच्या बाई बदलून गेल्या होत्या, त्याआधीचे सर कामगिरीवर गेले होते. टीईटीच्या १५० आणि टेटच्या २०० प्रश्नांत हा नव्हता. भाचीनं नेमणूक आदेश पुन्हा वाचला आणि मुलीला सांगितलं, “तीन वर्षांनी सांगते.” ती मुलगी तोवर पाचवीला दुसऱ्या शाळेत गेलेली असेल.)