टोचलेलं कळतंय ना?

बहुतेक शहरं नदीमुळे वसतात, व्यापारामुळे वसतात, नाहीतर एखाद्या राजाच्या हट्टामुळे. आमचं ग्वाल्हेर त्वचारोगामुळे वसलं. निदान दंतकथा तरी तसंच सांगते. सूरजसेन नावाचा सरदार शिकारीच्या नादात या डोंगरावर आला आणि तहानेने कासावीस झाला. वर ग्वालिपा नावाचे साधू राहत. त्यांनी कुंडातलं पाणी दिलं. सूरजसेनाला महारोग होता. पाणी पोटात गेलं आणि अंग लख्ख झालं. त्याने कुंड बांधून काढलं, किल्ला उभारला, गावाला साधूंचं नाव दिलं. किल्ल्यावर सूरजकुंड अजून आहे. साधूंनी जाता जाता एक पथ्यही घालून दिलं होतं: वंशजांनी नावापुढे ‘पाल’ लावावं, तोवर राज्य टिकेल. म्हणे 83 पिढ्यांनी लावलं, 84व्याने सोडलं आणि राज्य गेलं. गुण आला तर वैद्याचा, नाही आला तर पथ्य मोडणाऱ्याचा दोष, ही सोय तेव्हापासूनची आहे.

अशा गावात अंगाला सुटलेली खाज खाजगी राहणं शक्यच नाही. लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात कोणी नुसतं कोपर खाजवलं तरी तीन दारांतून तीन उपाय येतात. कडुनिंबाचा पाला. मुलतानी माती. पित्त उठलं असेल तर आमसुलाचं पाणी, आणि ते आमसूल मात्र पुण्याहून कोणीतरी आणलेलंच हवं. इथल्या बाजारातल्याला म्हणे तो गुण नाही. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला चावला की गळा गोड होतो, असं गवई पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. आमच्या शेजारच्या काकांनी तो पाला वाटून इसबावर लावायला सांगितला होता. गळ्याला चालतो तर कातडीला का नाही, हा त्यांचा युक्तिवाद. कोणाला खोडता आला नाही.

हवाही खाज सुटणाऱ्याच्या बाजूची नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, लू अंगावरचा ओलावा पिऊन टाकते. त्यातून उरलंसुरलं जानेवारीचा कोरडा गारठा संपवतो. माझ्या आत्याचं इसब या दोन्ही ऋतूंत उसळायचं, कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्याच्या मागे. त्वचारोगतज्ज्ञाचं मलम होतं, गुणही यायचा. पण गुण आला की त्याच दिवशी आत्या मलम बंद करायची. बरं झाल्यावर औषध लावणं तिला जेवण झाल्यावर पुन्हा पानावर बसण्यासारखं वाटे. मग चार आठवड्यांनी इसब परत. आणि दोष मलमाचा.

गावातल्या कंपू भागात एक डॉक्टर सुया टोचून खाज घालवतात, ही बातमी भाजीवालीने आणली. आत्याने पहिल्या झटक्यात ती उडवून लावली. “चिनी वस्तू टिकत नाही.” दिवाळीच्या माळांचा तिला अनुभव होता. तेव्हा आमच्या वडिलांनी हुकमाचं पान काढलं: डॉक्टर कोटणीस. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि 1942च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्यांच्यावरचा 1946चा चित्रपट आत्याने पुढे कधीतरी पाहिला होता. शांतारामबापूंनी त्यात स्वतःच कोटणीसांचं काम केलं असल्याने तिच्या डोळ्यांपुढे कोटणीस म्हणजे शांतारामच उभे राहतात. एकदम सगळा चीन सोलापूरच्या पलीकडे, फार तर अक्कलकोटाच्या जरा पुढे येऊन बसला.

मला राहवलं नाही. कोटणीस शल्यचिकित्सक होते, सुयांची विद्या पुढे शिकून कोलकात्याला आणली ती त्याच पथकातल्या डॉक्टर बसूंनी, असं मी म्हटलं.

“दोघं एकाच बोटीने गेले होते ना?” आत्याने विचारलं.

गेले होते.

“मग झालं तर.”

दवाखाना म्हणजे दोन खाटा, एक पडदा आणि वाळ्याचा वास मारणारा कूलर. डॉक्टर भिंडकडचे, बोलायला मऊ. त्यांनी कागदी पाकिटातून सुई काढली तेव्हा आत्याने चष्मा लावून ती निरखली. इंजेक्शनची सुई पोकळ असते; ही भरीव, केसाहून थोडीच जाड, आणि मुठीला तारेचं बारीक वेटोळं. प्लास्टिकच्या नळीतून ती कातडीवर टेकवायची, वरून बोटाने टिचकी मारायची, की आत. मग डॉक्टर दोन बोटांत ती जराशी फिरवतात आणि विचारतात, “अम्माजी, भारी लग रहा है?” जडपणा, झिणझिण्या आल्या पाहिजेत, त्या आल्याशिवाय सुई जागेवर बसली असं ते मानत नाहीत. कोपर दुमडलं की बाहेरच्या बाजूला घडी जिथे संपते, तिथे एक. गुडघ्याच्या वर, मांडीच्या आतल्या अंगाला, दुसरी. या दुसऱ्या जागेला चिनी लोक रक्ताचा समुद्र म्हणतात. हे ऐकून आत्या फार प्रसन्न झाली. मलमाच्या नळीवर असलं काही कधी लिहिलेलं नसतं.

दोन्ही हातांत, दोन्ही पायांत सुया. अर्धा तास हलायचं नाही. आणि नेमकी आत्याच्या नाकाच्या शेंड्याला खाज सुटली.

आधी तिने नाक मुरडून पाहिलं. मग फुंकर वर मारून पाहिली. मग मला खुणेने बोलावलं. मी नाक खाजवलं तर ते जरा डावीकडे झालं. “अरे वर. वर रे. माझ्याकडून उजवीकडे.” तेवढ्यात वीज गेली, कूलर थांबला, आणि कुठून तरी एक माशी आली. पडद्यापलीकडच्या खाटेवरचे पाठदुखीचे गृहस्थ हसू लागले. हसल्याने त्यांच्या पाठीतल्या सुया हलल्या आणि ते ओरडले. खाज घालवायला येऊन खाज सोसत पडण्याची ही साधना आत्याने पुरी केली. उठल्यावर म्हणाली, “इतका वेळ न खाजवता मी आयुष्यात राहिले नव्हते.”

या वाक्यात अर्धं वैद्यक आहे असं मला वाटतं. इसबात खाजवल्याने कातडी आणखी बिघडते, बिघडली की जास्त खाजते. हा रहाट थांबवणं हाच निम्मा इलाज. बाकीच्या निम्म्यासाठी मी जे वाचलं ते मोठं गमतीचं निघालं. म्युनिकच्या डॉक्टरांनी 2010च्या सुमारास 30 इसबवाल्यांवर याच दोन जागा, कोपराची आणि मांडीची, तपासल्या. खऱ्या जागी सुई टोचल्यावर खाज कमी भरली. माणसं थोडी होती, पण ऐकून आत्याचा ऊर भरून आला. स्वीडनमध्ये 1997 साली 56 सोरायसिसच्या रुग्णांवर प्रयोग झाला, तो मात्र मी तिला सांगितला नाही. तिथे निम्म्यांना खरा उपचार दिला आणि निम्म्यांना लुटुपुटूचा. लुटुपुटूवाल्यांचे चट्टे खऱ्यावाल्यांपेक्षा कणभर जास्तच उतरले. संशोधकांनी निमूटपणे लिहिलं की खात्री पटण्याजोगा फायदा दिसत नाही. सोरायसिसचा स्वभावही विचित्र: जिथे ओरखडा उठेल, टोचेल, तिथे नवा चट्टा उगवू शकतो, हे कोब्नर नावाच्या जर्मन डॉक्टराने एकोणिसाव्या शतकातच टिपून ठेवलं आहे. अशा माणसाने सुईखाली जाण्याआधी दोनदा विचार करावा.

खोटी सुई कशी असते, हे मला फार दिवस कळत नव्हतं. हायडेलबर्गच्या एका डॉक्टरांनी 1998 मध्ये ती सादर केली: टोक बोथट, दाबली की सुई स्वतःच्याच मुठीत सरकते. रोग्याला टोचल्यासारखं वाटतं, टोचत काही नाही. थोडक्यात नाटकातला खंजीर. शेवटच्या अंकात पोटात खुपसला जातो आणि प्रेक्षक खरोखरचे डोळे पुसतात. खाजही बऱ्याचदा अशीच प्रेक्षकांत बसलेली असते. ती नसांतून येते हे खरं, पण मन गुंतलं की मंदावते आणि नुसता ढेकूण म्हटला तरी जागी होते. हे वाचताना तुम्ही एकदा तरी मान खाजवली असेलच.

तरी सुईचं कातडीशी एक नातं असं आहे की त्यात नाटक अजिबात नाही. महारोगात चट्ट्यावरची संवेदना जाते. आता कापसाने किंवा पेनाच्या टोकाने पाहतात. पूर्वी टाचणीच चालायची. डोळे मिटायचे आणि टोचलं की सांगायचं. कळलं नाही तर काळजी. सूरजसेन आज आला असता तर त्याला हेच विचारलं असतं, आणि सहा महिने किंवा वर्षभर घ्यायच्या गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाली असती. किल्ला बांधायची गरज पडली नसती. आमची पंचाईत झाली असती, एवढंच.

आत्याला गुण आला. का आला, यावर घरात तीन पक्ष आहेत. माझं म्हणणं, सुयांच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल लावा, सुगंधी साबण टाका आणि त्वचेच्या डॉक्टरांचं मलम त्यांनी सांगितलंय तोवर सोडू नका. सुई टोचणारा माणूस सांगतोय म्हणून तिने पहिल्यांदा ते ऐकलं. वडील म्हणतात, पाऊस सुरू झाला, हवेत ओल आली. आत्या म्हणते, कोटणीस.

तिचा अधिकार आता वाड्यात वाढला आहे. परवा वरच्या मजल्यावरचा मुलगा मांडीवरचे गोल लाल चट्टे दाखवायला आला. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेलं स्टिरॉइडचं मलम लावून लावून त्याने ते दुप्पट केले होते. असली मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा 2018पासून नियम आहे. नियम दुकानाच्या दारापर्यंत येतो आणि चपला काढत बसतो. मुलाला सुया टोचून घ्यायच्या होत्या. आत्याने चष्मा लावला, चट्ट्याची किनार पाहिली आणि त्याला सरळ त्वचारोगाच्या डॉक्टरकडे पिटाळलं.

“तुम्हाला तर सुयांनीच बरं वाटलं ना, आजी?”

“मला इसब होतं. तुझा हा नायटा आहे, बुरशी असते ती. बुरशीला कोटणीस ठाऊक नाहीत. जा आधी, आणि ती नळी इथेच टाक.”