दोन गाड्या म्हणजे एक कुटुंब

एका कुटुंबाला राहायला नेमकी किती जागा लागते, या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत आहे. फक्त ते पार्किंगच्या प्रकरणात शोधावं लागतं. मोठी गाडी उभी करायला अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब जागा हवी, असं नियम सांगतो. म्हणजे १३.७५ चौरस मीटर. दोन गाड्यांना साडेसत्तावीस. झोपडपट्टी पुनर्वसनात पात्र ठरलेल्या कुटुंबाला, मग त्यात माणसं तीन असोत की आठ, मिळतात २७.८८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फूट. दोन गाड्यांपेक्षा कुटुंबाला चार चौरस फूट जास्त मिळाले, तेवढ्यात चपलांचा स्टँड बसतो. १९९५ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा घर २२५ फुटांचं होतं, पुढे २६९ चं झालं आणि २०१८ च्या नियमावलीने ३०० चं केलं. तेवीस वर्षांत ७५ फूट वाढले. गाडीच्या मापात सांगायचं तर एवढ्या काळात कुटुंबाची गरज अर्ध्या गाडीने वाढली.

आता कुणी म्हणेल, हा आकडा काहीतरी हिशेब करूनच काढला असेल. हिशेब झालाच असणार. अडचण एवढीच की सरकारच्या प्रत्येक खात्याचा हिशेब वेगळा आहे. जनगणनेच्या लेखी दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच जागा सापडली की ती ‘खोली’ झाली, कारण तिथे एक माणूस आडवा होऊ शकतो. जीएसटी खात्याच्या मते परवडणारं घर मुंबईत ६० चौरस मीटरपर्यंत असतं आणि पुण्यात ९० पर्यंत. म्हणजे मुलुंडचं कुटुंब पुण्याला राहायला गेलं की खंडाळ्याच्या घाटात त्याची गरज दीडपट होते. शिवाय या घराची किंमत ४५ लाखांच्या आत हवी. अंधेरीत ६० मीटरचं घर सुमारे सात हजार रुपये चौरस फुटाने विकणारा बिल्डर कुणाला भेटलाच, तर त्याची आधी दृष्ट काढावी. महापालिकेने २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला आहे. एवढ्या जागेत राहणाऱ्याकडून आणखी काय घ्यायचं, असा दयाळू विचार त्यामागे असावा. सगळ्यांत काटेकोर मात्र तुरुंगवाले. केंद्राच्या आदर्श कारागृह नियमावलीत बराकीत झोपणाऱ्या कैद्याला किमान ३.७१ चौरस मीटर, म्हणजे ४० चौरस फूट जागा सांगितली आहे. पाच जणांच्या कुटुंबाने २२५ फुटांतून संडास-बाथरूमचे तीसेक फूट वजा करून पाहावेत. ओटा वजा करण्याआधीच कैदी पुढे निघून जातो. एकट्या कैद्याची कोठडी तर ९६ फुटांची हवी. घरातल्या पाचही जणांना स्वतंत्र कोठड्या मिळाल्या तर बेरीज ४८० फूट होईल, आणि ती ५०० च्या आत असल्याने कर माफच.

खासगी सोसायट्यांत तरी गरज कुटुंब पाहून ठरते का? बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या एखाद्या जुन्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा पाहावी. तिथे एकच प्रश्न गाजतो: किती टक्के जादा कार्पेट? आपल्याला किती खोल्या लागतात, हे कुणी विचारत नाही, आणि विचारून उपयोगही नाही, कारण उत्तर सोसायटीच्या फाटकाबाहेर पसरलेलं असतं. समोरचा रस्ता रुंद असेल तर जास्त एफएसआय, म्हणजे जमिनीच्या मानाने जास्त बांधकामाची परवानगी मिळते, अरुंद असेल तर कमी. म्हणजे नऊ मीटरच्या गल्लीतल्या सासूला नातवंडांबरोबर हॉलमध्ये झोपणं भाग असतं, आणि अठरा मीटरच्या रस्त्यावरच्या सासूला स्वतंत्र बेडरूम मिळते. घोरतात दोघीही सारख्याच. गोरेगावच्या मोतीलाल नगरात १९६० च्या दशकात गृहनिर्माण मंडळाने साधारण २३० फुटांची बैठी घरं बांधली. तिथल्या रहिवाशांना आता १६०० फूट बिल्टअपचं घर देण्याची योजना आहे. त्यांचं अभिनंदनच करायला हवं. पण त्याच गोरेगावात झोपडीतून पुनर्वसन होणाऱ्या कुटुंबाला नियमाने ३०० फूट. दोन्ही घरांत पोरं दहावीलाच बसतात आणि म्हातारे पहाटे तेवढेच खोकतात. फरक आहे तो पायाखालच्या जमिनीच्या कागदाचा आणि तिच्यातून निघणाऱ्या विक्रीच्या फुटांचा. आधी गणित जमतं. जमलेल्या गणिताला मग ‘गरज’ असं नाव मिळतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मुंबईत जमीनच कुठे आहे? समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये सापडलेलं शहर, मागे राष्ट्रीय उद्यान, तेव्हा सगळ्यांनी थोडं आखडून बसावं. हा आक्षेप खरा आहे, आणि खरा आहे म्हणूनच तो सगळ्यांना सारखा लागू व्हायला हवा. नव्या टॉवरच्या पोटात एकावर एक पार्किंगचे मजले चढतात तेव्हा ही टंचाई कुणाला आठवत नाही. गाडीचं कुटुंब वाढत नाही, तिच्या घरी बाळंतीण येत नाही, गावाहून चुलता येत नाही. तरी तिच्या जागेला हात लावायचा म्हटलं की सभेत खुर्च्या सरकतात. टंचाईचा उपदेश फक्त ३०० फूटवाल्यांनाच ऐकवला जात असेल, तर त्याला नियोजन म्हणणं जरा कठीण आहे.

दुसरा आक्षेप जास्त हळवा आहे. पूर्वी दहा बाय बाराच्या खोलीत दहा माणसं राहिली, शिकली, मोठी झाली. तेव्हा कुठे तक्रार होती? हे बहुधा थ्री बीएचकेच्या बाल्कनीतून सांगितलं जातं. पण यातली खरी गोष्ट सांगणाऱ्याच्याच लक्षात येत नाही. ती दहा माणसं खोलीत राहतच नव्हती. पुरुष रात्री गॅलरीत पथारी टाकत, पोरं जिन्यावर अभ्यास करत, पापड गच्चीवर वाळत आणि लग्नाचा मांडव चौकात पडत असे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ‘द न्यू लँडस्केप’ या १९८५ च्या पुस्तकात हेच मांडलं: आपल्या हवामानात खोलीसोबत उंबरठा, पाणवठा आणि मोकळं मैदान मिळून घर होतं. पुनर्वसनाच्या टॉवरने खोली थोडी मोठी केली आणि बाकीचं सगळं काढून घेतलं. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींत जेमतेम तीन मीटरचं अंतर ठेवलं गेलं. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ मध्ये समोर आलेल्या अभ्यासात अशा वसाहतींतल्या उजेड-वारा न पोचणाऱ्या घरांमध्ये क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. तिथल्या घराचे फूट मोजून कुणी ‘वाढ झाली’ म्हणत असेल, तर त्याने खिडकीही मोजावी.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मान तुकवावी लागते. घर वाढलं की मेन्टेनन्स वाढतो, लिफ्टची वीज वाढते, आणि फुकट मिळालेलं मोठं घर महिन्याच्या बिलापायी विकावं लागतं. म्हणून सगळ्यांना सरसकट १६०० फूट द्या, अशी मागणी करण्यात शहाणपण नाही. पण यातूनच एक गोष्ट उघड होते: चौरस फूट हे विकायचं माप आहे, राहायचं नाही. राहण्याचं माप शोधायचं तर घरातली दारं मोजावीत. आजारी माणसाला पडायला, दहावीच्या मुलीला वाचायला, नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायला आणि कुणालाही एकट्याने रडायला बंद करता येईल असं एक दार, आणि त्याच्यापलीकडे सगळ्यांना सामायिक अशी एक गॅलरी. एवढं ज्या आराखड्यात बसत नाही त्यात कुटुंब बसत नाही, मग आकडा कितीही असो.

या मापाने २२५ फुटांच्या खोलीचा निकाल लावायला टेपही लागत नाही. दारं तीन: एक बाहेर जायचं, एक बाथरूमचं, एक संडासचं. ३०० फुटांत बेडरूमची भिंत घातली तर चौथं. तेव्हा कुठे पार्किंगमधल्या गाडीशी बरोबरी होते, डिकी सोडून.